लॅब्राडॉरची थंडी

अन्न टिकवण्याच्या युक्त्या माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहेत. उन्हाळ्यात अंगणात वाळणारे पापड आणि सांडगे, बरणीत मुरणारे लोणचे, कोळीवाड्यात बांबूंवर टांगलेले बोंबील ही सारी त्याच युक्त्यांची रूपे होत. पदार्थातील पाणी काढून टाकावे, नाहीतर त्यात मीठ, साखर किंवा तेल भरपूर घालावे, म्हणजे तो नासत नाही. पण अशा रीतीने टिकलेला पदार्थ मूळचा राहत नाही. सुका बोंबील कितीही रुचकर असला तरी ओल्या बोंबलाची चव त्यात शोधून सापडायची नाही. वाळलेल्या वाटाण्याची उसळ चांगली होते, परंतु कोवळ्या दाण्याचा गोडवा तोवर निघून गेलेला असतो. पदार्थ आहे तसाच, त्याच्या चवीसह आणि सत्त्वासह, महिनोन्महिने राखता येईल का? या प्रश्नाचे व्यवहारात उतरणारे उत्तर विसाव्या शतकात एका अमेरिकन माणसाने शोधले. त्याचे नाव क्लॅरेन्स बर्ड्सआय.

न्यूयॉर्क शहरातील ब्रुकलिन या भागात ९ डिसेंबर १८८६ रोजी क्लॅरेन्सचा जन्म झाला. नऊ भावंडांतील तो सहावा. वडील वकील होते. बर्ड्सआय या आडनावाचा शब्दशः अर्थ ‘पक्ष्याचा डोळा’ असा होतो. आडनाव आणि स्वभाव यांचा मेळ क्वचितच बसतो; या मुलाच्या बाबतीत मात्र तो पुरेपूर बसला. रानावनात भटकावे, प्राणी-पक्षी न्याहाळावेत, मेलेल्या प्राण्यांच्या कातड्यांत भुसा भरून ते जिवंत भासतील असे उभे करावेत, हे त्याचे लहानपणचे छंद होते. त्याचबरोबर त्याला आणखी एक आवड होती, ती म्हणजे स्वयंपाकाची. माध्यमिक शाळेत शिकत असताना या मुलाने पाककलेच्या वर्गात नाव घातले. त्या काळच्या मुलग्यांच्या दृष्टीने ही गोष्ट जगावेगळीच होती. पुढील आयुष्यात निसर्गाचे वेड आणि जिभेचे चोखंदळपण या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या नसत्या, तर कदाचित त्यांच्या हातून तो शोध लागलाच नसता.

मॅसॅच्युसेट्स राज्यातील ॲमहर्स्ट महाविद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला. किडे, बेडूक आणि उंदीर यांच्या मागे धावणाऱ्या या विद्यार्थ्याला सोबत्यांनी ‘किडा’ अशा अर्थाचे टोपणनाव दिले. पण हे किडे-बेडूक केवळ हौसेसाठी नव्हते. शिक्षणाच्या खर्चाला हातभार लागावा म्हणून त्यांनी बेडूक पकडून ते सापांचे खाद्य म्हणून न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयाला विकले. खाटकाच्या दुकानात सापडलेले उंदीर कोलंबिया विद्यापीठातील एका प्राध्यापकांना प्रयोगासाठी पुरवले. एवढे करूनही पैसा पुरेना. घरची परिस्थिती बिघडली आणि १९०८ च्या सुमारास पदवी न घेताच त्यांना महाविद्यालय सोडावे लागले.

त्यानंतर अमेरिकेच्या कृषी खात्यात निसर्ग-निरीक्षक म्हणून त्यांना काम मिळाले. या नोकरीने त्यांना ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोच्या रखरखीत प्रदेशांत फिरवले. पुढे मोंटाना राज्यातील बिटररूट खोऱ्यात त्यांनी जे काम केले ते जोखमीचे होते. अंगावर लाल पुरळ आणणारा एक घातक ताप तेथे माणसांचे बळी घेत होता आणि तो गोचिडांमार्फत पसरतो असे दिसून येत होते. कोणत्या प्राण्यांच्या अंगावर कोणत्या गोचिडी वाढतात हे पाहण्यासाठी शेकडो लहान प्राणी पकडून त्यांच्या अंगावरील गोचिडी वेचण्याचे काम बर्ड्सआय यांनी १९१० आणि १९११ या वर्षांत केले. या साऱ्या भटकंतीत ते जे मिळेल ते रांधून खात. नाग-सापाच्या मांसापासून समुद्रपक्ष्यांपर्यंत काहीही त्यांनी वर्ज्य मानले नाही, आणि प्रत्येक पदार्थ कसा लागला याची नोंद ते आपल्या वह्यांत आणि घरच्या पत्रांत करून ठेवत.

१९१२ मध्ये ते लॅब्राडॉर येथे गेले. आज कॅनडात मोडणारा हा प्रदेश त्या वेळी न्यूफाउंडलंडचा भाग होता. तेथील किनाऱ्यावर वैद्यकीय सेवा देणारे डॉक्टर विल्फ्रेड ग्रेनफेल यांच्याबरोबर काही काळ काढल्यावर बर्ड्सआय यांनी कोल्ह्यांच्या कातड्यांचा व्यापार सुरू केला. त्या काळी उंची फरला मोठी किंमत येत असे. कुत्र्यांच्या घसरगाडीवरून ते शेकडो मैल हिंडत. १९१५ मध्ये एलिनॉर गॅनेट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढील वर्षी मुलगा झाला आणि अवघ्या काही आठवड्यांच्या त्या बाळाला घेऊन हे दांपत्य पुन्हा लॅब्राडॉरला आले.

लहान मूल घरात आले की घरातील अन्नाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. लॅब्राडॉरमध्ये हिवाळा अनेक महिने चालतो. त्या काळात जहाजे येत नाहीत, शेती तर नाहीच. खारवलेले मासे, डबाबंद पदार्थ आणि पीठ यांवर माणसे दिवस काढत. ताजी भाजी म्हणजे अप्राप्य वस्तू. नवमाता आणि तान्हे मूल यांना असे अन्न किती दिवस पुरवायचे, हा बर्ड्सआय यांच्यापुढील खरा प्रश्न होता. तो एखाद्या प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञाला पडलेला प्रश्न नव्हता, घर चालवणाऱ्या माणसाची ती चिंता होती.

या चिंतेतूनच त्यांची नजर तेथील इन्युइट लोकांच्या रीतीकडे वळली. इन्युइट लोक जाड बर्फाला भोक पाडून त्यातून मासे पकडत. बाहेर तापमान उणे ४० अंशांच्या आसपास असे, वर झोंबणारा वारा. पाण्यातून बाहेर काढलेला मासा पाहता पाहता लाकडासारखा कडक होई. कित्येक आठवड्यांनी तो वितळवून शिजवला तरी नुकत्याच पकडलेल्या माशासारखा लागे. बर्ड्सआय यांना याचे आश्चर्य वाटले, कारण अमेरिकेतील बाजारात मिळणारी गोठवलेली मासळी त्यांनी खाल्ली होती. ती चोथ्यासारखी आणि बेचव असे. मग येथेच असे का व्हावे?

येथे त्यांच्या निरीक्षणाची खरी कसोटी लागली. ऐन हिवाळ्यात गोठलेले मांस आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला किंवा अखेरीस गोठलेले मांस यांच्या चवीत फरक आहे, हे त्यांच्या लक्षात आले. मांस एकाच प्रकारचे, गोठवणारे हातही तेच, तरीही कडाक्याच्या थंडीत गोठलेले मांस सरस ठरे आणि बेताच्या थंडीत गोठलेले कमअस्सल. बदललेली गोष्ट एकच होती : गोठण्यास लागलेला वेळ. त्यांनी स्वतः कोबीवर प्रयोग केला. पिंपात कोबीचा थर द्यायचा, त्यावर खारे पाणी ओतायचे, ते थंडीने गोठले की दुसरा थर द्यायचा. अशा रीतीने त्यांनी घरासाठी हिवाळाभराची भाजी साठवली. हव्या त्या वेळी कुऱ्हाडीने पिंपातून कोबी फोडून काढायचा आणि शिजवायचा. तान्ह्या मुलाच्या आईच्या ताटात त्या हिवाळ्यात हिरवी भाजी आली ती अशी.

या निरीक्षणामागील कारण समजून घेतल्याशिवाय बर्ड्सआय यांच्या कार्याचे मोल कळणार नाही. भाजी, फळ, मासा किंवा मांस यांच्या पेशींत बहुतांश पाणीच असते. ते पाणी सावकाश गोठले तर बर्फाचे मोजके पण मोठे आणि अणकुचीदार स्फटिक तयार होतात. ते पेशींच्या भिंती फोडतात. पदार्थ वितळला की फुटलेल्या पेशींतून रस वाहून जातो, आणि त्याबरोबर चव व सत्त्वही जाते. उरतो तो चोथा. तेच पाणी झपाट्याने गोठले तर असंख्य, पण अतिशय बारीक स्फटिक तयार होतात आणि पेशी बऱ्याच अंशी शाबूत राहतात. उणे १ ते उणे ५ अंश सेल्सिअस हा पट्टा सर्वांत घातक असतो, कारण बहुतेक बर्फ त्याच पट्ट्यात धरतो. हा पट्टा जितक्या लवकर ओलांडला जाईल तितका पदार्थ चांगला राहतो. थंडीने अन्न बिघडते ही समजूत म्हणूनच अर्धवट होती. अन्न बिघडत होते ते थंडीच्या मंदगतीमुळे.

इन्युइट लोकांना हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या होते, आणि आपण त्यांच्याकडून शिकलो हे बर्ड्सआय यांनी कधी लपवले नाही. युरोपातही त्यांच्या आधी थंडगार मिठाच्या पाण्यात मासे बुडवून ते लवकर गोठवण्याचे प्रयत्न झाले होते, परंतु त्यात मीठ माशात शिरत असे. लॅब्राडॉरची थंडी शहरातील कारखान्यात कशी आणावी आणि ती सामान्य गृहिणीच्या स्वयंपाकघरापर्यंत कशी पोहोचवावी, हे काम अजून कोणी केले नव्हते. बर्ड्सआय यांनी ते अंगावर घेतले.

१९१७ मध्ये पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत हे कुटुंब अमेरिकेत परतले. काही वर्षे इतरत्र नोकरी केल्यावर मच्छीमारांच्या एका संघटनेत काम करताना बर्ड्सआय यांना मासळीच्या धंद्याची दुखरी बाजू जवळून दिसली. किनाऱ्यावर उतरलेली ताजी मासळी शहरातील ग्राहकाकडे पोहोचेपर्यंत तिची रया जात असे. बर्फ घालून पाठवली तरी वाटेत बर्फ वितळे. शिवाय माशाचे डोके, शेपूट, काटे यांच्या वजनाचेही वाहतूक-भाडे द्यावे लागे आणि शेवटी ते सारे कचऱ्यातच जाई. तेव्हा बंदरावरच मासळी साफ करावी, तिचे तुकडे करावेत, डब्यांत भरावेत आणि झपाट्याने गोठवावेत, अशी कल्पना त्यांच्या मनात आली.

एक विजेचा पंखा, मिठाच्या पाण्याच्या बादल्या आणि बर्फाच्या लाद्या असे अवघ्या सात डॉलरचे साहित्य घेऊन त्यांनी प्रयोगांना आरंभ केला, असे सांगतात. पुढे न्यूयॉर्कच्या फुल्टन मासळी बाजाराजवळ त्यांनी स्वतःची कंपनी काढली. उणे ४३ अंश सेल्सिअस इतक्या थंड हवेत मासळीचे तुकडे गोठवून ते विकू लागले. माल उत्तम होता. तो कोणी घेईना. आपल्याकडे मासळी घेणारी गृहिणी माशाचे कल्ले उघडून पाहते, बोटाने दाबून पाहते. तेथील गृहिणीचीही तीच रीत होती. डोळे नाहीत, कल्ले नाहीत, डब्यातला दगडासारखा तुकडा तिने कोणत्या भरवशावर घ्यावा? त्यातच गोठवलेला माल म्हणजे विकला न गेलेला, नासण्याच्या बेतात असलेला माल, हा अनुभव तिच्या गाठीशी होता, आणि तो अगदी खोटाही नव्हता. अनेक व्यापारी खरोखरच तसे करत. १९२४ मध्ये कंपनीचे दिवाळे वाजले.

अडतीस वर्षांच्या, मुलाबाळांचा संसार असलेल्या माणसाने या ठिकाणी नोकरी धरली असती तर कोणी नावे ठेवली नसती. बर्ड्सआय यांनी आयुर्विम्याचा पैसाही उद्योगात घातला आणि थोड्या भागीदारांना सोबत घेऊन दुसरी कंपनी उभारली. १९२५ मध्ये ते कुटुंबासह मॅसॅच्युसेट्समधील ग्लॉस्टर या मच्छीमारांच्या गावी राहावयास गेले.

याच मॅसॅच्युसेट्स राज्याचा आणि भारताचा बर्फामुळे जुना संबंध आहे. तेथील तळ्यांवरचा बर्फ करवतींनी कापून, लाकडाच्या भुशात गुंडाळून, फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने तो १८३३ मध्ये जहाजाने कोलकात्याला आणला होता. पुढे तो मुंबई आणि चेन्नईलाही येऊ लागला. चेन्नईच्या समुद्रकिनाऱ्यावर ज्या इमारतीत तो साठवला जाई ती अजून उभी आहे. स्वामी विवेकानंदांचे तेथे वास्तव्य झाल्यामुळे आज ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. ट्यूडर यांनी थंडी विकली ती बर्फाच्या रूपाने. त्याच किनाऱ्यावर शंभर वर्षांनी बर्ड्सआय थंडी विकावयास निघाले ती अन्नात बंद करून.

ग्लॉस्टर येथे त्यांनी पद्धतच बदलली. थंड हवेचा झोत सोडण्याऐवजी मासळी आधीच मेणकागदी खोक्यांत सपाट भरायची आणि ती खोकी अतिथंड अशा दोन धातूंच्या पृष्ठभागांमध्ये दाबून धरायची. हवेपेक्षा धातू उष्णता कितीतरी लवकर खेचून घेतो. दोन्ही बाजूंनी थंडी आणि मध्ये दाब, त्यामुळे जेमतेम पाच सेंटीमीटर जाडीची वडी आतपर्यंत वेगाने गोठे. खोकी सपाट असल्याने रचण्यास सोपी जात, आणि वेष्टणातच गोठल्याने पदार्थाला हवा लागत नसे की हात लागत नसे. आरंभी हे यंत्र दोन सरकत्या पट्ट्यांचे होते, पुढे त्यातून एकावर एक धातूच्या तबकड्या असलेले सुटसुटीत यंत्र निघाले. ते शेतापर्यंत नेता येई. या पद्धतीचे पेटंट १९३० मध्ये त्यांना मिळाले. ओलावा न सोडणारे पारदर्शक सेलोफेन नेमके त्याच सुमारास बाजारात आले आणि वेष्टणाचा प्रश्नही सुटला.

मासळीनंतर भाज्यांची पाळी आली आणि तेथे नवेच संकट उभे राहिले. कच्चा वाटाणा किंवा घेवडा उत्तम गोठे, पण काही आठवड्यांनी त्याला वाळल्या गवतासारखा वास येई, रंगही उतरे. भाजी तोडल्यानंतरही तिच्यातील विकरे आपले काम करत राहतात आणि थंडीने ती मंदावतात, थांबत नाहीत. उपाय साधा निघाला. भाजी उकळत्या पाण्यात किंवा वाफेत मिनिट-दोन मिनिटे ठेवावी, लगेच गार पाण्यात काढावी, निथळावी आणि मग गोठवावी. डोनाल्ड ट्रेसलर यांच्यासारख्या रसायनतज्ज्ञांनी कंपनीच्या प्रयोगशाळेत असे अनेक बारकावे तपासले. कोणत्या जातीचा वाटाणा गोठवण्यास चांगला, तो कोणत्या दिवशी तोडावा, तोडल्यावर किती तासांत यंत्रात जावा, हे सारे ठरू लागले. गोठवल्याने वाईट पदार्थ चांगला होत नाही, आहे तसा तो फक्त राहतो, ही जाणीव बर्ड्सआय यांना पहिल्यापासून होती. म्हणून माल निवडताना ते कमालीचे काटेकोर असत.

या उद्योगाकडे पोस्टम या खाद्यपदार्थांच्या मोठ्या कंपनीचे लक्ष गेले. कंपनीच्या मालकीणबाई मार्जोरी पोस्ट यांची नौका ग्लॉस्टरच्या बंदरात थांबली असता त्यांना जेवणात बदकाच्या जातीचा एक पक्षी वाढण्यात आला आणि तो कित्येक महिन्यांपूर्वी गोठवलेला होता हे ऐकून त्या चकित झाल्या, अशी एक आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवली तरी व्यवहार मात्र पक्का आहे. १९२९ मध्ये पोस्टम आणि गोल्डमन सॅक्स यांनी मिळून बर्ड्सआय यांची कंपनी आणि पेटंटे २ कोटी २० लाख डॉलरना विकत घेतली. पाच वर्षांपूर्वी दिवाळे निघालेला माणूस धनाढ्य झाला. पोस्टमने पुढे जनरल फूड्स हे नाव धारण केले, आणि मालावरील नाव मात्र बर्ड्सआय यांचेच ठेवले, फक्त एका शब्दाचे दोन शब्द केले.

६ मार्च १९३० रोजी मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड शहरात अठरा दुकानांतून हा माल प्रथमच सर्वसामान्य ग्राहकांसाठी मांडण्यात आला. पालक, वाटाणे, फळे, मासळी, मांस असे पंचवीसहून अधिक प्रकार होते. महामंदीची झळ बसू लागलेली होती, माल स्वस्त नव्हता, तरीही लोकांनी तो चाखला आणि पुन्हा घेतला. अडचण होती ती दुकानदारांची. माल सतत गोठलेला ठेवील अशी शीतपेटी महाग होती आणि वीजही खाई. १९३४ नंतर कमी किमतीच्या शीतपेट्या तयार होऊन त्या दुकानदारांना भाड्याने मिळू लागल्या. १९४४ पासून गोठवलेला माल नेणारे रेल्वेचे खास डबे धावू लागले. कारखान्यापासून घरापर्यंत थंडीची साखळी कोठेही तुटू न देणे हीच या धंद्याची गुरुकिल्ली होती. दुसऱ्या महायुद्धात जपानने आग्नेय आशियातील कथिलाच्या खाणी ताब्यात घेतल्या, डब्यांसाठी पत्रा मिळेना, आणि डबाबंद अन्नाची जागा गोठवलेल्या भाज्यांनी घेतली. भारतात १९५० च्या दशकापासून कोचीहून गोठवलेली कोळंबी परदेशी जाऊ लागली. गोठवलेला मटार शहरी घरांत रुळला तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी.

१९५० च्या दशकात अमेरिकेत या कथेला निराळे वळण लागले. स्वॉन्सन या कंपनीने ॲल्युमिनियमच्या खणाखणाच्या थाळीत मांस, भाजी आणि बटाटा असे आख्खे जेवण शिजवून, गोठवून विकावयास आणले. थाळी भट्टीत गरम करावी आणि दूरचित्रवाणीसमोर बसून खावी. बर्ड्सआय यांचा त्याच्याशी प्रत्यक्ष संबंध नव्हता, पंचवीस वर्षांपूर्वीच त्यांनी आपली पेटंटे विकलेली होती. या तयार जेवणांनी घराघरांतील कष्ट वाचवले हे खरे. पण गोठवलेल्या अन्नाची निंदा होते ती बहुधा यांच्यामुळेच. लोणच्याला टिकण्यासाठी मीठ लागते. गोठवलेल्या पदार्थाला त्याची गरजच नाही, कारण तेथे राखणदारी थंडी करते. तरीही तयार जेवणांत चवीसाठी मीठ, तूप-लोणी आणि दाट रस्से सढळ हाताने घालण्यात येऊ लागले. दोष थंडीचा नव्हता, मसाल्याच्या डब्याकडे गेलेल्या हाताचा होता.

म्हणून वेष्टणावरील घटकांची यादी वाचणे अगत्याचे ठरते. मटाराच्या पिशवीवर बहुधा एकच घटक लिहिलेला असतो, मटार. तयार बिर्याणीच्या किंवा पराठ्याच्या पिशवीवर ही यादी बोटभर लांब असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. वेष्टणावर मिठाऐवजी सोडियमचा आकडा असतो. त्याला अडीचने गुणले की मीठ किती ते कळते. एका जेवणात ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर २ ग्रॅम मीठ, म्हणजे दिवसाच्या मर्यादेतील चाळीस टक्के, एका बैठकीत पोटात जाते. पिशवी हलवूनही पाहावी. दाणे सुटे खुळखुळले तर थंडीची साखळी शाबूत राहिली असे समजावे. आत एकच गठ्ठा लागला किंवा वेष्टणाच्या आत बर्फाचा जाड थर दिसला, तर माल वाटेत वितळून पुन्हा गोठला असण्याचा संभव असतो. पिशवीतील बारीक बर्फकण सावकाश मोठे होतात, पेशी फुटतात आणि लॅब्राडॉरहून आणलेला सारा लाभ दुकानाच्या दारातच संपतो. पोषणाच्या दृष्टीने पाहिले तर तोडल्यावर काही तासांत गोठवलेला वाटाणा हा बाजारात चार-पाच दिवस पडून राहिलेल्या ताज्या वाटाण्याहून उणा नसतो. क जीवनसत्त्वाच्या बाबतीत तर तो बहुधा सरसच ठरतो.

घरी गोठवतानाही बर्ड्सआय यांचाच नियम लागू पडतो. घरच्या फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांच्या आसपास तापमान असते. ग्लॉस्टरच्या यंत्राचा जोर त्याला कोठून येणार? पण पदार्थ जाड गोळ्याऐवजी पातळ थरात पसरला तर तो लवकर गोठतो. हिवाळ्यात स्वस्त झालेला मटार सोलून, उकळत्या पाण्यातून काढून, गार करून, कोरडा करून ताटात एकेरी पसरावा आणि कडक झाला की पिशवीत भरून हवा काढून टाकावी. शिजवलेली उसळ, वरण किंवा भात गोठवायचा तर उथळ भांड्यात लवकर निववून एका वेळेला पुरेल एवढ्याच वाट्याच्या सपाट पिशव्या कराव्यात. फोडणी आणि मीठ हात राखून घालावे, खाण्याच्या वेळी ते वाढवता येते. काकडी, कोशिंबीर आणि दही यांच्या वाटेला जाऊ नये. पहिल्या दोन्ही पाणी सोडून लिबलिबीत होतात आणि दही फाटते. आणि एक गोष्ट विसरून चालत नाही. थंडीने जीवाणू मरत नाहीत, ते निपचित पडतात. पदार्थ वितळला की ते जागे होतात. म्हणून पदार्थ ओट्यावर रात्रभर ठेवून न वितळवता फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळवावा, चांगली वाफ येईपर्यंत गरम करावा, आणि एकदा वितळलेला पदार्थ तसाच पुन्हा गोठवू नये. जेथे वीज वारंवार जाते तेथे फ्रीझरमध्ये फार दिवसांचा साठा न करणेच शहाणपणाचे.

संपत्ती मिळाल्यावर बर्ड्सआय स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी विजेच्या दिव्यांवर काम केले, भाज्या वाळवण्याची वेगवान पद्धत शोधली, देवमाशांच्या शिकारीसाठी धक्का न देणारी भाल्याची बंदूक बनवली. त्यांच्या नावावर सुमारे तीनशे पेटंटे नोंदली गेली असे सांगितले जाते. १९५१ मध्ये पत्नीसमवेत त्यांनी रानफुलांच्या लागवडीवर एक पुस्तक लिहिले. वयाची पासष्टी उलटल्यावर ते दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात गेले आणि उसाच्या चिपाडापासून कागदाचा लगदा करण्याच्या पद्धतीवर तेथे त्यांनी काम केले.

७ ऑक्टोबर १९५६ रोजी न्यूयॉर्क येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते एकोणसत्तर वर्षांचे होते. त्यांच्या अस्थी ग्लॉस्टरजवळच्या समुद्रात, ज्या पाण्यातली मासळी त्यांनी प्रथम खोक्यांत भरली होती त्याच पाण्यात, विसर्जित करण्यात आल्या.